तीन वाजून दहा मिनिटांनी आलेलं गाणं

मिरज, 28 जानेवारी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर दोन दिवस मी रुसून बसले होते. मग लक्षात आलं, आपला रुसवा काही कोलोनपर्यंत पोचत नाही, इथल्या इथे कुकरच्या शिट्टीत विरून जातो. म्हणून तिळगुळाच्या पार्सलात घालायला हे लिहितेय. तिळगुळाला उशीर झालाय, पण रथसप्तमी काय नि होळी काय, तुला कुठे कळतंय तिथे.

तू म्हणालास, "मी गाणं पाठवतो आणि तू घड्याळ बघतेस." खरं आहे. तेव्हा आज घड्याळाचं नाव काढायचं नाही, फक्त गाण्यांबद्दल लिहायचं असं ठरवून बसलेय.

शनिवारी पाठवलेलं पियानोचं आधी सांगते. पहिल्यांदा पोळ्या लाटता लाटता ऐकलं, ते चुकलंच. मग दुपारी तुझी ती कानात घालायची बोंडं लावून, पडद्याआड पडून पुरं ऐकलं. मध्येच तो कण्हतो, पाय आपटतो. मला आधी वाटलं, फोनच बिघडला. मग तू लिहिलेली गोष्ट पुन्हा वाचली. 24 जानेवारी 1975, तुमच्याच गावचं ऑपेरा हाऊस, सांगितलेला पियानो एक आणि आणून ठेवलेला भलताच. लहानखुरा, वरचे सूर पत्र्यासारखे, पेडल धड चालत नाहीत. कार्यक्रम ठरवणारी पोर अवघी अठरा वर्षांची. वाजवणारा कीथ जॅरेट नाही म्हणत होता, तिनं गळ घातली म्हणून रात्री साडेअकराच्या सुमाराला वाजवायला बसला. वरचे सूर वाईट, म्हणून मधल्याच सप्तकात घोळत राहिला, डाव्या हातानं तेच तेच धरून. आणि त्याचंच ते सोनं झालं.

मला काय आठवलं सांगू? आपले कुमार गंधर्व. क्षयानं देवासला पाच-सहा वर्षं अंथरुणावर, एक फुप्फुस कायमचं गेलेलं. उठून गायला लागले ते वेगळंच घेऊन. लांबलचक ताना नाहीत. चार सूर फेकायचे नि थांबायचं, आणि तो थांबलेला तुकडासुद्धा गाण्यात धरायचा. तुझ्या पियानोवाल्याला मोडका पियानो मिळाला, आमच्या कुमारांना मोडकी छाती. त्यांचं निर्गुणी भजन पाठवलंय, ऐकलंस का? निळी खूण आली, उत्तर आलं नाही.

खाली एक ओळ घातली होतीस, "आणि आई, तोसुद्धा त्या रात्री झोपेविना होता." ती माझ्यासाठीच होती, कळलं मला. पण बाळा, तो दौऱ्यावर होता. लांबून गाडीनं आला होता. तू कुठे चालला आहेस? आणि त्याचं पुढे काय झालं तेही मी वाचलं. 2018 साली दोनदा पक्षाघात, डावा हात गेला. तोच हात, तेच तेच धरून ठेवणारा. झोपेचा आणि त्याचा संबंध नसेल. नसेलच. पण मी आई आहे, मी जोडणार.

बघ, आलंच. माफ कर. पुढचं गाणं.

सोमवारचं ते सहारा वाळवंटातल्या बँडचं, तिनारीवेन. भाषेचं अक्षर कळेना, पण टाळ्या कळल्या. एक पुढे म्हणतो, बाकीचे मागून ओढतात, आणि टाळी कशी पाय घासत चालल्यासारखी. आजोळी धनगरवाड्यात ओव्या चालायच्या, तेव्हा आम्ही भावंडं भिंतीवर बसून ऐकायचो, तशीच ओढ. त्यांच्यातल्या एकानं लहानपणी पत्र्याचा डबा, काठी नि सायकलच्या ब्रेकची तार घेऊन गिटार केली होती म्हणे. हे मी सतारमेकर गल्लीत सांगितलं. कारण परवा तंबोरा माळ्यावरून काढून जवारीला, म्हणजे तारांचा आवाज मोकळा करून घ्यायला, नेला होता. त्या गृहस्थांनी तार हलवली नि तोंड वाकडं केलं. "वाजवत नाही ना कुणी, ताई?" मी गप्प. त्यांनी घोडीवर कानस फिरवली, बोटानं चाचपलं, पुन्हा दोन हात फिरवले. मग तारेखालचा दोरा नखानं सरकवला, तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नाही, आणि तंबोरा एकदम बोलायला लागला. इतकी वर्षं आपण त्याला मुका समजत होतो, दोरा जागेवर नव्हता एवढंच. ब्रेकच्या तारेचं ऐकून हसले आणि म्हणाले, "आम्हाला भोपळा तरी मिळतो."

तू पाच वर्षांचा असताना मिक्सर लावला की ओरडायचास, "काळी चार!" मी पेटीवर बघायचे, खरंच असायची. असलं कुणाला सांगावं? आत्याला सांगितलं तर म्हणाली, मिक्सर दुरुस्त करून घे. मला मात्र त्या दिवशी दृष्ट काढावीशी वाटली होती, आणि काढलीही, तू झोपल्यावर.

तेव्हा झोपायचास.

बोनी एमचं मी पाठवलं त्याला तू हसलास. हस. तुझ्या बाबांची ती कॅसेट, गणपतीत मंडपात वाजलेली. आम्हाला वाटायचं इंग्लंड-अमेरिकेचं, आणि निघालं तुमच्या जर्मनीचं. पुढे नाचायचा एक, आणि पुरुषाचा आवाज मागे बसलेल्या निर्मात्याचा. हे तूच मागे सांगितलंस, तेव्हापासून माझ्या डोक्यात एक बसलंय. लिहू की नको करत होते. लिहिते.

तू चौथीत होतास. गिरणी बंद झाली त्या वर्षी तुझे बाबा रात्री बाहेरच्या खोलीत टेप लावून बसायचे. आवाज इतका बारीक की गाण्यापेक्षा कॅसेट फिरल्याचं जास्त ऐकू यायचं. मी आतून म्हणायचे, किती हे वेड माणसाला गाण्याचं. सकाळी मी डबा भरून द्यायचे, ते सायकल काढून निघायचे. तीन महिने. डबा स्टेशनवर बसून खायचे, हे मला आत्याकडून कळलं. त्यांनी सांगितलं नाही. दिवसा हसणारा एक, रात्री जागणारा दुसरा, आणि मी दोघांचा एकच माणूस समजून पोळ्या करत होते.

रविवारी व्हिडिओवर तू हसत होतास. सगळं "एकदम मस्त" होतं. तुला आठवत असेल, ते म्हणतानाचा सूर बाबांचा होता.

तेव्हा विचारते, एकदाच. नोकरीचं काही झालंय का? झालं असेल तर सांग, नसेल तर हे पान फाडून टाक आणि आईला वेड लागलंय म्हण. घर आहे, पेन्शन आहे, तुझी खोली आहे, तीत सध्या फक्त वाळवणाचे डबे ठेवलेत. माझं चुकत असेल. एकोणतीस वर्षांचा माणूस रात्री गाणं ऐकतो यात वाईट काय? भीमसेन तर अकराव्या वर्षी घर सोडून गेले, अब्दुल करीम खाँसाहेबांची एक ठुमरी ऐकून. आमच्या मिरजेच्या खाँसाहेबांची. सगळे अभिमानानं सांगतात. पण मागे राहिलेल्या घरात त्या रात्री कोण जागं होतं, ते कोणी सांगत नाही.

बघ, गाण्याचं लिहायचं म्हणून बसले आणि काय काय लिहून बसले. पहिली दोन पानं तेवढी वाच हवी तर.

तंबोऱ्याचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलंय. त्यात गाणं नाही, मीही नाही, मधे एकदा फक्त भाजीवाला ओरडलाय. दिवा मालवून लाव. तीन मिनिटं संपली की पुन्हा लाव.

लाडवांचा डबा हवाबंद आहे, लिंबाचं लोणचं पिशवीत वेगळं बांधलंय. आत्याचा गुडघा तसाच. ऑफिसच्या मित्रांना चार लाडू दे. असतील तर. म्हणजे जवळ राहत असतील तर.

तुझी,
आई

ता. क. भांडण झालं तरी सोमवारी आणि काल मंगळवारीही गाणं आलं होतं, सात चाळीसलाच. म्हणजे तुझे तीन वाजून दहा मिनिटं, तसे शनिवारपासून रोजच. आज आलं नाही. झोपला असशील तर बरंच झालं. आता इथे साडेअकरा झालेत, फोन मी अजून ओट्यावरच ठेवलाय.