तक्रार: खराब ल्युसिफेरिन पाठवलंत, त्याची किंमत आमच्या उंदरांनी मोजली

प्रति,
कस्टमर सपोर्ट, पुणे ऑफिस

सर / मॅडम,

मेल करून करून कंटाळले, दरवेळी तुमच्याकडून तेच छापील इंग्लिश उत्तर येतं, आणि फोनवर तर तुमच्याकडचे सगळे मराठीच बोलतात, म्हणून आता सरळ मराठीत लिहितेय. निदान नीट वाचलं तरी जाईल. मी बडोद्याला एका लॅबमध्ये रिसर्च असोसिएट आहे. आम्ही उंदरांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या सेल्स वाढवून त्यावर एक औषध तपासतोय. त्या सेल्समध्ये काजव्याचं ल्युसिफरेज हे एन्झाइम घातलेलं आहे, म्हणजे उंदराला ल्युसिफेरिन, म्हणजे त्या एन्झाइमला उजेड द्यायला लागणारं रसायन, टोचलं की गाठ आतून उजळते आणि थंड केलेला कॅमेरा तो उजेड मोजतो. उंदीर कापायची गरज नाही.

तुमचं पार्सल शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघालं आणि रविवारभर इथल्या कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पडून होतं. मे महिना, पारा ४० च्या वर. सोमवारी बॉक्स उघडला तर जेल पॅकचं कोमट पाणी झालेलं, थर्माकोलच्या आतून घाम सुटलेला, आणि बाटलीचं झाकण हाताला चक्क सैल लागलं. पावडर फिकट पिवळी आणि सुटी असायला हवी, ही एका बाजूला चिकटून ढेकूळ झालेली आणि रंगाने काळपट. तुमच्याच लेबलवर लिहिलंय, उणे २० ला ठेवा, प्रकाश आणि ओलावा टाळा. त्याच दिवशी फोटो काढून तुम्हाला पाठवले. तुमचं उत्तर आलं की प्रवासात थोडं तापमान चढलं तरी कोरडी पावडर टिकते, बिनधास्त वापरा. कोरडी असेल तर टिकेलही हो, पण ही कोरडी कुठे होती? लेखी भरवसा तुम्ही दिलात, त्यावर आम्ही वापरली.

डोस नेहमीचाच, १५० मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला ३ मिलिग्रॅम, पोटात इंजेक्शनने. सिग्नल आला तो इतका कमी की क्षणभर वाटलं औषध कमालीचं लागू पडलंय. आणि माझा खरा राग इथेच आहे. ल्युसिफरेजला उजेड द्यायला ल्युसिफेरिनबरोबर ऑक्सिजन आणि एटीपी लागतं, एटीपी म्हणजे सेलला ऊर्जा पुरवणारं रसायन, ते जिवंत सेलमध्येच असतं, म्हणून उजेड कमी म्हणजे जिवंत सेल्स कमी असा आम्ही अर्थ लावतो, सगळी पद्धतच त्यावर उभी आहे. ल्युसिफेरिनच कुचकामी निघालं तर कुचकामी औषधही गुणकारी दिसेल! आम्ही वाचलो ते एवढ्याचसाठी की ज्यांना औषधाऐवजी नुसतं सलाइन दिलं होतं त्या उंदरांचाही सिग्नल तितकाच पडला होता, आणि कॅलिपरने मोजलं तर त्यांच्या गाठी आधीपेक्षा मोठ्या होत्या.

मग तुमच्या टेक्निकल सपोर्टने प्रश्नांची सरबत्ती केली. इंजेक्शन आतड्यात गेलं असेल म्हणे. एखाद्या उंदराचं जाईल, सगळ्या पिंजऱ्यांचं कसं जाईल? काजव्याचा हिरवट पिवळा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं म्हणे. घेतं ना, पण ३७ डिग्रीला या एन्झाइमचा उजेड ६१० नॅनोमीटरच्या आसपास लाल बाजूला सरकतो, आणि आमच्या गाठी कातडीच्या लगेच खाली, उंदीर पांढरे, केस काढलेले. वेळ चुकली म्हणे. आम्ही इंजेक्शननंतर दर काही मिनिटांनी फोटो घेऊन पूर्ण कर्व्ह काढतो, पीक नेहमीसारखा १० ते १५ मिनिटांतच आला, फक्त उंची नव्हती. उंदरांना भूल द्यायला वापरतो त्या आयसोफ्लुरेनने एन्झाइम थोडं दबतं, हेही मान्य, पण ते आधीच्या प्रत्येक वेळीही तेवढंच होतं. गाठ मोठी झाली की आतून मरते आणि उजेड घटतो, हा तुमचा शेवटचा मुद्दा होता. आमच्या गाठी तेव्हा लहान होत्या, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच उंदरांना आमच्याकडे शिल्लक असलेल्या जुन्या लॉटमधलं ल्युसिफेरिन दिलं तर त्याच गाठी पुन्हा लख्ख उजळल्या. यापुढे काय पुरावा द्यायचा? तरी एकाच प्लेटमध्ये त्याच सेल्सवर दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी लावून बघितल्या, तुमच्या नव्या बाटलीला जुनीच्या चौथा हिस्साही उजेड नाही. ते आकडे तुमच्या मेलमध्ये पडून आहेत, त्यावर आजवर एक अक्षर उत्तर नाही.

तुमच्या सर्टिफिकेटवर एचपीएलसीने, म्हणजे कॉलममधून घटक वेगळे करून मोजायच्या चाचणीने, शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर दाखवलीय. ते सर्टिफिकेट माल फॅक्टरीतून निघतानाचं, गोडाऊनमधल्या रविवारनंतरचं नाही. शिवाय साध्या कॉलमवर ल्युसिफेरिनची डी आणि एल ही दोन रूपं वेगळी दिसतच नाहीत, एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत ती. उजेड देतं ते डी, एल उलट एन्झाइमची जागा अडवून बसतं. हवा लागून डिहायड्रोल्युसिफेरिन तयार झालं तर ते त्याहून वाईट, थोडंसंही एन्झाइम दाबून टाकतं. म्हणून मला या लॉटचा, डी आणि एल वेगळं दाखवणाऱ्या कायरल कॉलमवरचा रिपोर्ट हवाय, नुसती शुद्धतेची टक्केवारी पुन्हा पाठवू नका.

आता तुमचं ते वाक्य, "बाटली उघडलेली असल्याने रिप्लेसमेंट मिळणार नाही." उघडल्याशिवाय ती खराब आहे हे कळणार कसं, सांगा ना. आणि पैशाचं मी शेवटी बोलेन, आधी जनावरांचं बोलू. आम्ही ही पद्धत वापरतो कारण तोच उंदीर आठवड्या-आठवड्याला पाहता येतो, नाहीतर प्रत्येक टप्प्याला एकेक गट मारून आत बघावं लागतं. प्रयोगातल्या प्राण्यांबद्दल रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलं तेच, कमीत कमी प्राणी वापरा. किती उंदीर लागणार ते एथिक्स कमिटीपुढे एकेक करून समजावून आम्ही परवानगी घेतो. तो आठवडा गेला तो गेला, त्या वयाची तीच गाठ परत मिळत नाही. आता नवे उंदीर, नवी परवानगी. आमच्या अ‍ॅनिमल हाऊसचे काका रोज पिंजरे साफ करतात, प्रत्येक उंदराच्या कानाचा नंबर त्यांना तोंडपाठ. हा गट फुकट गेला हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं. त्यांनी एवढंच विचारलं, कंपनीला कळवलं का?

तर कळवतेय. दुसऱ्या लॉटची बाटली ड्राय आइसमध्ये, आत तापमान नोंदवणारं लॉगर ठेवून पाठवा, आणि गुरुवारनंतर कृपा करून काहीही डिस्पॅच करू नका. बाटलीचे पैसे आणि वाया गेलेल्या गटाचा खर्च याचं लेखी उत्तर तुमच्या मॅनेजरच्या सहीने हवं, सपोर्टच्या नाही. आणि सगळ्यात आधी, हा लॉट आणखी कुठल्या लॅबना गेलाय ती यादी तुमच्याकडेच आहे, त्यांना आजच फोन करा. ज्यांच्याकडे जुनी बाटली उरलेली नसेल त्यांना पडलेला सिग्नल औषधाचाच गुण वाटेल आणि ते तसंच छापून मोकळे होतील.

उरलेली पावडर आम्ही दोन भाग करून सील केलीय, उणे २० ला ठेवलीय. एक भाग तपासायला तुमचा माणूस पाठवून घेऊन जा, सही करून. दुसरा आमच्याकडेच राहील.

आपली,
एक रिसर्च असोसिएट, बडोदा