कचेरीचं गाव

मिडलंड, टेक्सास

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तू कागद बघायला जातेस ते गाव आपल्या दहिवडीएवढं तरी आहे का?" मी हसून टाळलं. आज रविवार आहे, सवडीनं लिहिते.

जमिनीच्या आणि तेलाच्या मालकीचे जुने कागद बघायला मी जाते ते गाव मेंटोन. त्याची वस्ती 2020 च्या शिरगणतीत 22. आपल्याकडे घटाच्या जेवणाला याहून जास्त पानं उठतात. तरी ते कौंटीचं ठिकाण, म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्याचं गाव. तालुका माण आणि कचेरी दहिवडीत, तसंच इथं कौंटी लव्हिंग आणि कचेरी मेंटोनला. आई, लव्हिंग हे नाव प्रेमाबिमावरून नाही हं. ऑलिव्हर लव्हिंग नावाचा एक माणूस पेकॉस नदीच्या वाटेनं गुरांचे कळप हाकायचा. 1867 साली कोमांची या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या हल्ल्यात जखमी झाला आणि त्यातच गेला.

बाबा, मतदार याद्यांत तुमचं आयुष्य गेलं म्हणून मुद्दाम सांगते. 2020 ला सबंध कौंटीत माणसं मोजली 64, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यांत कमी. त्याच वर्षी अध्यक्षपदाला मतं पडली 66! राहणारे एकीकडे, पत्ता इथला. त्यामुळे खरा रहिवासी कोण, यावरच इथलं राजकारण चालतं. ही खोड जुनी आहे. 1893 मध्ये पाटपाण्याची स्वप्नं दाखवून बाहेरच्यांनी कौंटी उभी केली, तीही खोट्या मतदानाच्या जोरावर. 1897 ला सरकारनं ती मोडलीच. पुढे विसाच्या दशकात तेल लागलं आणि 1931 ला कौंटी पुन्हा उभी राहिली. टेक्सासात दोनदा जन्मलेली ही एकच. मेंटोन हे नावही जुन्या, उठून गेलेल्या गावाचं. एका फ्रेंच माणसानं आपल्या मांतों गावावरून ठेवलेलं, असं सांगतात. तिकडे निळा समुद्र आणि इथं फुफाटा.

नदी आहे, पण पाणी खारट. वर्षानुवर्षं प्यायचं पाणी बाहेरून टँकरनं यायचं. आई, हे वाचून मला आपल्या दारातली पिंपांची रांग आठवली, आणि टँकरचा हॉर्न ऐकून तू पीठभरल्या हातानं धावायचीस ते. शाळेत दोनच पोरं उरली तेव्हा, 1972 ला, शाळा बंद झाली. पोरं बसनं विंक गावच्या शाळेत जायला लागली. किराणा दुकान नाही. डबा घरून नेते, पोळी-भाजीच, काळजी करू नको.

आणखी एक तुझ्यासाठी. टेक्सासात निवडून आलेली पहिली बाई शेरीफ, म्हणजे कौंटीची पोलीसप्रमुख, इथलीच, एडना रीड क्लेटन ड्युईस, चाळीसच्या दशकातली. म्हणे कमरेला बंदूक कधी लावली नाही, आणि अटका केल्या जेमतेम दोन.

कचेरी 1935 ची, दुमजली, विटांची. बाहेर हायवेवर तेलाचे ट्रक एकामागून एक, आत मात्र तुमच्या रेकॉर्ड रूमसारखी शांतता. जाडजूड नोंदवह्या एका हातानं निघत नाहीत. छातीशी धरून टेबलावर आणाव्या लागतात. इथं जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं असू शकतं. आजोबानं रान विकलं पण तेल राखलं, मग ते पोरांत, नातवंडांत वाटत गेलं. एकेकाचा हिस्सा इतका बारीक की अपूर्णांक लिहिताना माझी ओळ संपते. तुमचे वारसाचे फेरफार याच्यापुढे सोपे म्हणायचे! पण पैसा याच बारीक आकड्यांवर वाटला जातो, म्हणून माझ्यासारख्यांना पगार मिळतो.

मंगळवारी एक जुनी वही उघडली आणि सलग चार शिंका आल्या. टेबलापलीकडच्या बाईंनी न बोलता कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. लहानपणी तुमच्या कचेरीत मी अशीच शिंकायचे, आणि तुम्ही लाल रुमालाची गाठ सोडता सोडता म्हणायचात, "लांब हो, नोंदी ओल्या करशील."

बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात का? फोनवर "जाऊ की" म्हणता, ते आता पुरे. आई, टँकर सुरू झालेत का ते कळव. कचेरीचा फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवलाय, बाबांना मोठा करून दाखवायला सांग.

तुमची,
ताई