बाय, भाकरीचा आवाज ऐक

सत्तरी, गोवा
श्रावणातला रविवार, दुपार

प्रिय बाय,

परवा फोनवर तू विचारलंस, "शाळेत टीव्ही आलाय, वरून सारखं सांगतात अ‍ॅप वापरा, तर नेमकं कुठलं घेऊ?" मी घाईत दोन-चार नावं सांगितली आणि फोन ठेवला. रात्री चुटपुट लागली. इतक्या वर्षांची मैत्रीण मनापासून काही विचारते आणि आपण यादी वाचून दाखवतो, हे काही बरं नाही. आज बाहेर धो धो पाऊस आहे, घरात मी एकटीच आहे. आज नीट लिहिते.

माझी शाळा तुला ठाऊक आहे. चार इयत्ता, सतरा मुलं, आम्ही दोघी टीचर. रेंज मिळते ती शाळेच्या पायरीवर. वर्गात पाऊल टाकलं की गेली. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा आमच्याकडची थोरली मुलं रेंजसाठी टेकडी चढून काजूच्या झाडाखाली बसायची. मी मात्र खाली घरात बसून वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ बनवत होते. फळा, खडू, मागे पडदा, सगळं हौसेनं. बहुतेकांना ते उघडलेच नाहीत. ज्यांना उघडले त्यांचा बापाच्या फोनमधला दिवसाचा डेटा एका धड्यातच संपला. एक आई म्हणाली, "टीचर, तुम्ही नुसतं बोलून पाठवा ना, ते येतं." त्या दिवसापासून मी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवू लागले. मिनिटभराचा आवाज एका दांडीवरसुद्धा पोचतो. शाळा उघडल्या तरी ती सवय मी सोडली नाही, उलट आता मुलांनाच बोलायला लावते.

माझ्या तिसरीत एक मुलगी आहे. आईबाप बागायतीत कामाला, घरात कन्नड. पहिली-दुसरीत ती वर्गात बोललीच नाही म्हण ना. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. मला वाटायचं, हिला मराठी समजतच नाही. एका शुक्रवारी मी सगळ्यांना अभ्यास दिला : घरी आत्ता काय चाललंय ते सांगा, पाहिजे तेवढंच. रात्री साडेआठला तिच्या वडिलांच्या नंबरवरून आवाज आला. चौदा सेकंदांचा. "टीचर, आई भाकरी करते. ऐका." पुढे ती गप्प, आणि मागे थप, थप, थप. मग जरा थांबून, हळूच, "ही मोठी झाली."

बाय, मी तो आवाज किती वेळा ऐकला असेन! त्या मुलीला "ऐका" म्हणता येत होतं. "ही मोठी झाली" म्हणताना भाकरीचं "ही" तिला बरोबर ठाऊक होतं. सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळले की तिचा घसा कोरडा पडायचा, एवढीच अडचण होती, आणि मला दोन वर्षं ते कळलं नव्हतं. सोमवारी तिला बाजूला घेऊन विचारलं, वर्गात लावू का? तिनं मान हलवली. स्वस्तातला छोटा स्पीकर आहे माझ्याकडे, त्यावर नुसती थपथप लावली आणि विचारलं, हा कसला आवाज? पावसाचा, टाळ्यांचा, धोपटण्यावर कपडे धुण्याचा, असं काय काय निघालं. कोणालाच येईना. तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "भाकरी. जोळद." मग जोळद म्हणजे काय हे साऱ्या वर्गानं तिला विचारलं, आणि तिनं सांगितलं, ज्वारीची.

म्हणून तुला सांगते, सुरुवात आवाजापासून कर. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही, आणि पालकांना तर ते आधीच येतं.

यंदा गणेश चवथीसाठी आम्ही माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-पानं बांधतात त्या चौकटीचा, संग्रह करतोय. तुमच्याकडे माटवी म्हणतात तीच. प्रत्येक मुलानं रानातून येणाऱ्या एका वस्तूचा फोटो काढायचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून तिच्याबद्दल बोलवून घ्यायचं. कांगलां, कवंडळं, आंबाडे, फागलां, सुपारीचं शिपटं अशी नावं येताहेत. एका आजीचा आवाज आलाय, "हीं कांगलां गे. फांतोडेर वचून हाडचीं पडटात." म्हणजे पहाटे जाऊन आणावी लागतात. पाठीमागे कोंबडा आरवतोय. मुलांनी फांतोड हा शब्द धरला. त्याचा अर्थ पहाट, हे वहीत लिहून घेतलं, आणि मग पहाटेला कोणाच्या घरी काय म्हणतात यावर अर्धा तास गेला. त्या दिवशी मराठीचा तास मी वेगळा घेतलाच नाही. झाडांची शास्त्रीय नावं शोधायला सीक नावाचं फुकट अ‍ॅप वापरते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळवाल्यांचं आहे, त्यात मुलांना खातं उघडावं लागत नाही, म्हणून मला ते बरं वाटतं. पण ते नेहमी बरोबर ओळखत नाही. नुसतं फळ दाखवलं तर अडखळतं, पान आणि फूल मिळालं तर जमतं. शेवटचा शब्द आम्ही आजीचाच धरतो.

टीव्हीसाठी म्हणशील तर दोन गोष्टी. एक, 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ, २०१५ पासून आहे, त्यावर गोष्टी मराठीतही आहेत, कोंकणीतही. उतरवून घेता येतात, छापता येतात. आणि गणितासाठी फेट, पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ साली ते सुरू केलं, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्याचे कितीतरी प्रयोग मराठीत आहेत. घरी फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर घे, मग वर्गात इंटरनेट नसलं तरी चालतं. माझा एक मुलगा ठाम होता की एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, कारण आठ मोठे. पडद्यावरचं वर्तुळ त्यानं स्वतः कापलं तरी त्याला पटेना. शेवटी मी तवशें, म्हणजे काकडी, आणलं, आणि खायला कुठला तुकडा हवा ते विचारलं. पडद्यानंतर तवशें लागतंच. तुमच्या बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, सरकारच्या दीक्षा या संकेतस्थळावर जातात, ते तू बघितलेच असशील.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती अजून कोणाला सांगितलेली नाही. पालकांच्या गटावर मी पहिल्या वर्षी सगळ्यांच्या वह्यांचे फोटो टाकायचे. कौतुक व्हावं म्हणून. एका फोटोखाली एका बापानं आपल्याच मुलाबद्दल असं काही लिहिलं की मी ते इथं लिहिणार नाही. मी तो फोटो लगेच काढून टाकला, पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. त्यानंतर तो मुलगा वही माझ्यासमोर ठेवायचा ती हातानं झाकून. पानावरून त्याचा हात उठायला दिवाळी उजाडली. बाय, ते माझ्यामुळे झालं. तेव्हापासून गटावर फक्त मी लिहिते, सुट्टीची आणि पुस्तकांची सूचना, एवढंच. मुलांचं काम माझ्याकडे एकेकट्याचं येतं, आणि चांगलं असो वा कच्चं, त्याचं बोलणं त्याच्याशीच होतं.

फोटोंबद्दलही फार सांभाळ. कोणी म्हणेल फेसबुकवर शाळेचं पान काढा, नाव होईल. मी मुलांचे चेहरे कुठेच टाकत नाही. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं आहे, पण कायदा नसता तरी मी टाकले नसते. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःहून उघडता येत नाही, म्हणून आमचं सगळं आईबापांच्या फोनवरून होतं. रात्री बाप घरी आल्याशिवाय अभ्यास येत नाही, तर मी सकाळपर्यंत थांबते. ज्या तिघांच्या घरी चांगला फोन नाही, त्यांचे आवाज मी मधल्या सुट्टीत पायरीवर बसून माझ्या फोनवर घेते. त्यांना हे सांगू नकोस की बाकीच्यांना त्याचाच हेवा वाटतो!

पावसाची नोंदही चालू आहे. बाटली कापून मापक केलंय, चौथीची मुलं रोज सकाळी आकडा लिहितात, शनिवारी संगणकावर लिबरऑफिसच्या तक्त्यात भरतात. इथे सगळे इंचांत बोलतात आणि पुस्तकात मिलिमीटर, म्हणून दोन्ही रकाने ठेवलेत.

आता तुझ्याकडे माझं काम आहे. चवथ जवळ आली. तुझ्या मुलांना विचार, कांगलांना तुमच्याकडे काय म्हणतात, कवंडळाला काय म्हणतात, माटवीला पहिली कुठली वस्तू बांधतात. लिहून नको पाठवू, त्यांना बोलायला लाव. ओरडू देत, हसू देत, मागे कुत्रा भुंकू दे, काही कापू नकोस. त्या तिसरीतल्या मुलीनं तुझ्या वर्गासाठी प्रश्न बोलून ठेवलाय, सोबत पाठवते. एकवीस सेकंदांचा आहे.

आईला नमस्कार सांग. गुडघ्याचं कसं आहे ते कळव.

तुझीच