बुडण्यासाठी लागणारे वजन

कोल्हापूर,
८ डिसेंबर २०२४

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचून तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला याबद्दल रागावू नकोस. तू दोनच प्रश्न विचारले आहेस: मी स्वतः बांधत असलेल्या पाणबुडीवर आजवर किती खर्च झाला, आणि तुला तीत कधी बसायला मिळेल. पहिल्याचे उत्तर २,३०,००० रुपये. त्यांपैकी ४१,००० रुपये अक्षरशः विहिरीत गेले, आणि ते कसे गेले हे कळल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुला पटणार नाही.

बीजिंगच्या ताओ श्यांगली याने २००९ मध्ये तेलाच्या जुन्या पिंपांतून पाणबुडी केल्याची बातमी तूच मला दाखवली होतीस. तो हट्ट माझ्याही डोक्यात शिरला आणि उद्यमनगरातल्या एका भंगारवाल्याकडून मी हवेची जुनी टाकी उचलली. व्यास ९० सेंटीमीटर, लांबी २.४ मीटर, पत्रा ३ मिलिमीटर. पाणी भरून आतून दर चौरस सेंटीमीटरला सहा किलोचा दाब दिला, तर टाकीने हूं की चूं केले नाही. दहा मीटर खोलीवर बाहेरून एकच किलो येतो, तेव्हा आपले काम झाले, असा मी हिशेब केला. हा हिशेब किती बाळबोध होता, ते आता सांगायलाही लाज वाटते. आतून दाब आला की पत्रा ताणला जातो आणि टाकीची गोलाई उलट सुधारते. बाहेरून आला की जिथे गोलाई जराशी चुकली असेल तिथे पत्रा आत वळतो, वळला की गोलाई अधिक बिघडते, आणि मग त्याला थांबवणारे काहीच उरत नाही.

सुदैवाने पहिली बुडी रिकाम्या टाकीला द्यायची एवढी अक्कल मला होती. मामांच्या मळ्यातल्या विहिरीला दसऱ्यानंतर पन्नास फूट पाणी असते. पण टाकी बुडेल कशाला? ती दीड घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे दीड हजार किलो, आणि तिचे स्वतःचे वजन जेमतेम २०० किलो. उरलेले १,३०० किलो वरून लादायचे, त्यातही पाण्यात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, वजन सातव्या हिश्शाने घटते, म्हणून एका फौंड्रीवाल्या स्नेह्याकडून दीड टन बीड उसने आणले. लोक मला ‘बुडशील’ म्हणून घाबरवत होते, आणि मी मात्र बुडायचे कसे या विवंचनेत होतो!

विहिरीवर गर्डर टाकून, दोन टनी चेन पुलीला टाकी बांधून आम्ही ती इंचाइंचाने सोडली. साखळीवर दर मीटरला पांढरा रंग लावला होता. बारावी खूण पाण्यात गेली आणि खालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला. क्षणभराने साखळी करकरून ताठ झाली, कारण चेपलेल्या टाकीची तरंगण्याची शक्ती गेली आणि सगळा भार पुलीवर आला. वर काढली तेव्हा तिच्या कुशीत आडवे माणूस मावेल एवढा पोचा पडलेला होता. तिथेच माझे बूड टेकणार होते. मामा एक शब्दही बोलले नाहीत, चहा सांगायला घरात गेले.

असा आवाज आत बसून ऐकणारेही असतात. कार्ल स्टॅन्ली या अमेरिकन हौशी माणसाने पंधराव्या वर्षी पहिली पाणबुडी बांधायला घेतली आणि पुढे होंडुरासमधल्या रोआतान बेटावर तो प्रवाशांना खोल नेऊ लागला. २०१९ मध्ये तो बहामाजला ‘टायटन’ या, टायटॅनिकचे अवशेष दाखवायला नेणाऱ्या पाणबुडीत बसून आला, तिच्या कार्बन फायबरच्या कवचातून तडतड ऐकू आल्याचे त्याने मालकाला लेखी कळवले. जून २०२३ मध्ये तीच ‘टायटन’ पाच जणांसह चिरडली. मला माझा आवाज काठावर उभे राहून ऐकायला मिळाला, त्या मानाने ४१,००० रुपये स्वस्तच.

नवी टाकी ६ मिलिमीटर पत्र्याची आहे. पत्रा रोलिंग यंत्रावर वळवून घेतला, फर्मा लावून गोलाई तपासली, आत दर ६० सेंटीमीटरला कडे वेल्ड केले आणि प्रत्येक सांध्याची डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक भेगा दाखवणाऱ्या रंगाची, तपासणी केली. गेल्या महिन्यात ती रिकामीच १५ मीटरवर रात्रभर ठेवली. सकाळी आतले वर्तमानपत्र कोरडे निघाले. माणसासह मात्र मी दहा मीटरच्या खाली जाणार नाही.

खिडकी शंकूच्या आकाराच्या ॲक्रिलिकची आहे, पाणी जितके दाबेल तितकी ती खाचेत घट्ट बसते. दाराचा व्यास ५० सेंटीमीटर, म्हणजे दहा मीटरवर त्यावर जवळपास दोन टनांचा भार. खाली कितीही घाबरलास तरी ते उघडणार नाही, वर येऊनच उघडेल. म्हणून सगळी अक्कल वर येण्यात खर्च केली आहे. तळाशी ८० किलो बीड एका बोल्टवर टांगले आहे, आतून चावी फिरवली की ते गळून पडते, वीज असो वा नसो. शिवाय १२ लिटरचा स्कूबा सिलिंडर आहे, त्यातल्या हवेने भारटाकीतले, म्हणजे बुडण्यासाठी आत घेतलेले, पाणी बाहेर ढकलता येते.

आत आधी प्राणवायू संपेल ही तुझी समजूत चुकीची आहे. प्राणवायू संपण्याच्या कितीतरी आधी आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्रास देतो. एवढ्याशा जागेत तासाभरात तो दोन टक्क्यांच्या आसपास जातो. त्यासाठी भूल देण्याच्या यंत्रात असतो तो सोडा लाइम एका डब्यात भरून संगणकाचा छोटा पंखा लावला आहे. तरीही बुडी वीस मिनिटांचीच.

आता तुझे बसणे. जागा एकाचीच आहे, तेव्हा मी काठावर आणि तू आत. कवच, बॅटऱ्या, मोटर आणि ७० किलोचा माणूस धरून बिडाच्या विटांचा हिशेब जुळवला आहे. तू जास्त भरलास तर तेवढ्या विटा काढाव्या लागतील, नाहीतर पाणबुडी तुला घेऊन तळाशी जाऊन बसेल. म्हणून उलट टपाली तुझे वजन कळव, कपड्यांसकट, आणि लग्नाच्या वेळचे नव्हे, आजचे. वहिनींना नमस्कार सांग, बाकीचे मात्र त्यांना इतक्यात सांगू नकोस.

तुझा,
विनायक