प्रभातच्या गेटवर उपोषणाला बसलेली शांता आपटे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत प्रभात फिल्म कंपनीवर अख्खं पान आलं होतं, ते सकाळी चहा घेता घेता वाचलं आणि तेव्हापासून मनात एकच गोष्ट घोळतेय म्हणून लिहायला बसले. कंपनी उभी करणारे शांतारामबापू (व्ही. शांताराम), दामले, फत्तेलाल सगळ्यांवर भरभरून लिहिलंय, छान वाटलं वाचून, पण प्रभातच्या गाणाऱ्या नायिका शांता आपटे यांच्यासाठी सगळी मिळून एकच ओळ, आणि त्यातही काय तर "तापट स्वभावाची नटी". मला हे खूप लागलं. मी पस्तीस वर्षं मुलींना गाणं शिकवतेय, माझ्या क्लासमधल्या मुलींना तरी हे नाव नीट कळावं असं मनापासून वाटतं.

शांताबाई सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. दुधनी तेव्हा काय नि आता काय, स्टेशनाभोवतीचं लहान गाव. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्या गाणं शिकल्या, म्हणजे नुसता चेहरा बघून कुणी पिक्चरमध्ये आणलेली ही पोरगी नव्हती, गळा तयार होता. 1932 मध्ये भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर'मध्ये त्यांना राधा केलं, कृष्ण होते शाहू मोडक, ते पण लहानच. तो पिक्चर मुंबईत 25 आठवडे चालला. बोलपट येऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हाची ही गोष्ट! मग प्रभातने बोलावलं आणि 1934 मध्ये 'अमृतमंथन' आला, त्यात नायकाची बहीण सुमित्रा. तिथून पुढे 'अमरज्योती', 'कुंकू', 'गोपाळकृष्ण'.

आता गाण्याचं सांगते कारण ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. त्या काळचे बरेच पिक्चर बघा, गाणं सुरू झालं की नट-नटी जागेवर थिजून उभे राहतात, जणू फोटो काढून घेतायत. शांताबाई तसं करत नाहीत. त्यांचे हात बोलतात, मान हलते, भुवई वर जाते, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की डोळ्यात दिसते. मी क्लासमध्ये मुलींना 'कुंकू' मोबाईलवर लावून दाखवते, आवाज बंद करून सुद्धा दाखवते, म्हणजे बघा नुसत्या चेहऱ्यावरून ओळ कुठे संपली ते कळतं. मागच्या महिन्यात आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्या तर आपल्यासारख्याच वाटतात, जुन्या नाही वाटत." अजून काय पाहिजे?

'कुंकू' 1937 चा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा म्हणजे शांताबाई, आणि ती सरळ म्हणते की मी ह्याला नवरा मानणार नाही. सावत्र मुलगा वाईट नजरेने जवळ येतो तर त्याला ती छडीने फोडून काढते. माझी आजी सांगायची, तिने हा पिक्चर लग्न झाल्यावर वर्षभरात पाहिला आणि त्या सीनला बायकांच्या बाजूने कुणीतरी जोरात "अस्संच पाहिजे" म्हणून ओरडलं, आजीला ते शेवटपर्यंत आठवत होतं. त्या पिक्चरला बॅकग्राउंड म्युझिक नाही, घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज असं सगळं खरंखुरं, त्यामुळे नटांना लपायला जागाच नाही. वर प्रभातचे पिक्चर मराठी आणि हिंदी दोन्हीत निघायचे, 'कुंकू'चं हिंदीत 'दुनिया न माने' झालं, म्हणजे काम डबल. आणि त्यात अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता पण त्यांनीच गायली आहे, दुधनीच्या मुलीने!

आणि मग 1939. तेव्हा नटनट्या महिन्याच्या पगारावर असायच्या, करारात बांधलेल्या, कंपनी सांगेल ते काम नि नाही सांगितलं तर बसून राहायचं. शांताबाईंचा पगार नि करारावरून कंपनीशी वाद झाला तर त्या गप्प बसल्या नाहीत, प्रभातच्या गेटवर जाऊन उपोषणाला बसल्या. एवढी मोठी स्टार, बाई, एकटी, 1939 साली, पुण्यात, गेटवर! पेपरवाल्यांनी तेव्हाही गाजवलं होतं ते. आज आपण त्याला तापटपणा म्हणायचं का? गिरणीतल्या कामगाराने हेच केलं असतं तर आपण त्याला हक्काची लढाई म्हटलं असतं, बाईने केलं की स्वभाव. मला हा शब्दच मान्य नाही.

प्रभात सोडल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. 1940 मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं, सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी, की बाई गं इथे पिळवणूक कशी होते, काय बघून पाऊल टाक. आज मी टू वगैरे आपण बोलतो, त्याच्या कितीतरी आधी एक मराठी नटी हे पुस्तकात मांडून गेली. पुढच्याच वर्षी, 1941 मध्ये, 'सावित्री' नावाचा तमिळ पिक्चर केला, त्यासाठी तमिळ शिकल्या, आणि त्यात नारद कोण तर कर्नाटक संगीतातल्या थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी. ह्या दोघी एका पिक्चरमध्ये होत्या हे मी सांगते तेव्हा गाण्यातली माणसं सुद्धा चकित होतात.

ते पुस्तक मी अप्पा बळवंत चौकात तीन दुकानांत विचारलं. एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने नाव परत विचारलं, कॉम्प्युटरमध्ये टाकलं आणि मान हलवली. दुसरीकडे म्हणाले, "कोण शांता? शांता शेळके का?" मला वाईट वाटलं, त्या पोरांवर राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही तर त्यांनी ओळखायचं कसं.

लॉ कॉलेज रोडवर जिथे प्रभात होती तिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, मी बसने तिथून आठवड्यातून दोनदा जाते. गेट दिसलं की दरवेळी मनात येतं, इथेच कुठेतरी बसल्या असतील. तिथे एक छोटी पाटी लागली तर किती बरं होईल, नाव, साल आणि काय घडलं एवढंच. आतून अभिनय शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींनी जाता येता ती वाचावी. कुणी प्रकाशक ते पुस्तक परत काढणार असेल तर माझ्या क्लासच्या वीस प्रती आत्ताच धरून ठेवा.

आणि तुम्हाला विनंती, 24 फेब्रुवारीला त्यांची पुण्यतिथी असते, 1964 मध्ये गेल्या त्या. त्या आठवड्याच्या पुरवणीत शांताबाईंवर निदान अर्धं पान द्या, आणि त्यात "तापट" हा शब्द नको.

आपली नियमित वाचक,
एक संगीतशिक्षिका, पुणे