परिपत्रकाच्या भरवशावर प्रवेश

१९९० मध्ये काश्मीर खोरे सोडावे लागलेल्या कुटुंबांच्या मुलांना इतर राज्यांतील महाविद्यालयांत अधिवासाची अट शिथिल होते, कट-ऑफमध्ये १० टक्क्यांपर्यंत सूट मिळते आणि ५ टक्क्यांपर्यंत जागा वाढवता येतात. जागा वाढीव असल्याने स्थानिकांचे काही हिरावले जात नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. पण हा सारा डोलारा परिपत्रकांवर उभा. प्रवेशाच्या खिडकीवरील लिपिकाला ते परिपत्रकच ठाऊक नसेल, तर विस्थापित असल्याचा दाखला हातात धरून मुलाने दाद कुठे मागायची? २०२३ च्या हिंसाचारानंतर मणिपूरमधील हजारो कुटुंबे मदत छावण्यांत गेली. त्यांच्या मुलांसाठीही नवे परिपत्रक निघण्याची वाट पाहायची का? सर्वच अंतर्गत विस्थापित विद्यार्थ्यांना लागू होईल असा कायदा संसदेने करावा.

– एक पालक, पुणे