कडकनाथच्या अंड्यांवर बसलेली गावठी कोंबडी : एक अनावृत आभारपत्र

आदरणीय काकी,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या खुराड्यात फिकट तपकिरी रंगाचे एक लहानसे अंडे मिळाले. तुमच्या तांबड्या कोंबडीने उबवलेल्या पिल्लांपैकी एका तलंगेचे ते पहिले अंडे. ते हातात घेतले तेव्हा पहिली आठवण तुमची झाली. तुमच्या दारात येऊन आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता आणि चहा ठेवता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसाठी खुले ठेवले आहे, कारण आपल्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात परसात कडकनाथ पाळू पाहणाऱ्या इतरांनाही तुमचे शिकवणे उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ भागातली जात. पिसे, कातडी, तुरा, जीभ, इतकेच काय तर हाडांपर्यंत उतरलेला काळेपणा ही तिची ओळख, आणि तिच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. एक कोंबडा आणि चार माद्या मी मोठ्या हौसेने आणल्या, पण या जातीच्या माद्या क्वचितच खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. अंडी देऊन त्या निघून जात. म्हणून मी उबवणी यंत्र विकत घेतले, चोवीस अंडी मांडली, तापमान ३७.५ अंशांवर ठेवले आणि आता एकवीस दिवस थांबले की झाले, असे समजून चाललो.

मृगाच्या पावसात चौदाव्या दिवशी विजेच्या तारेवर माड पडला आणि अकरा तास वीज नव्हती. यंत्रावर गोधडी पांघरली असती तर आतली ऊब बराच वेळ टिकली असती, हे तुम्ही नंतर सांगितलेत. तेव्हा मला ते सुचले नाही. त्याहून मोठी चूक शेवटच्या तीन दिवसांत झाली. त्या काळात अंड्यांना अधिक ओलावा लागतो, आणि मी मात्र उत्सुकतेपोटी तासातासाला झाकण उघडून आतली दमट हवा बाहेर घालवत होतो. कवचाखालचे पातळ पापुद्रे कागदासारखे सुकले आणि पिल्ले त्यातच अडकून गुदमरली. दोन बाहेर आली, त्यातले एक संध्याकाळपर्यंतही जगले नाही. उरलेली अंडी पुरायला मी माडाखाली खड्डा खणत होतो, तेव्हा तुम्ही कुंपणापलीकडून सगळे पाहिलेत आणि एवढेच म्हणालात, “पाऊस सरू दे. माझी तांबडी खुडूक झाली की सांगते.”

काकी, त्या कोंबडीची अंडी तुम्ही शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात नेता, हे मला ठाऊक आहे. खुडूक झालेली कोंबडी पिल्ले मोठी होईपर्यंत अंडे देत नाही. म्हणजे तीन-चार महिन्यांचे उत्पन्न तुम्ही माझ्यासाठी सोडलेत, आणि त्याचा उल्लेख आजवर एकदाही केला नाहीत.

चवथ होऊन पाऊस ओसरला आणि तुमचा निरोप आला. तुमच्या सांगण्यावरून मी आठ दिवसांच्या आतलीच अंडी निवडली होती, ती न धुता, निमुळते टोक खाली करून तुसात ठेवली होती. जुन्या पाटीत तुम्ही राख पसरलीत, वर वाळलेले गवत आणि उवा होऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला घातलात, आणि कोंबडी रवणीला बसवायची ती काळोख पडल्यावरच, असे सांगून रात्री कंदिलाच्या उजेडात अकरा अंडी एकेक करून तिच्या पोटाखाली सारलीत. तिने चोचीने प्रत्येक अंडे आत ओढून घेतले. पोटाखालची पिसे झडून तिची कातडी उघडी पडली होती आणि अंडी थेट त्या उबेला टेकत होती. दिवसातून एकदा ती उठे, दाणा-पाणी करी, आणि पुन्हा येऊन बसे. दिवसभर अंडी फिरवण्याचे कामही तीच करी.

सातव्या रात्री बॅटरीच्या झोतासमोर तुम्ही मला अंडे धरायला लावलेत. आत एक काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या लाल शिरा दिसल्या. दोन अंडी कोरी निघाली, ती बाजूला केली. विसाव्या दिवशी तुम्ही एक अंडे माझ्या कानाशी नेलेत. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. अजून कवचाला तडाही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात पिल्ले बाहेर आली. आठव्याने कवचाला भोक पाडले आणि ते तसेच थांबले. पाच तास झाले, सहा झाले. मी नखाने कवच सोलायला हात पुढे केला आणि तुम्ही माझे मनगट धरलेत. आतल्या शिरांतले रक्त अजून पिल्लात ओढले गेलेले नसते, पिवळा बलक पोटात शिरायचा असतो, आता सोललेस तर रक्त जाऊन ते मरेल, असे तुम्ही समजावलेत. तुम्ही शेजारी पाटावर बसून राहिलात, आणि रात्री दहाच्या सुमारास ते पिल्लू आपल्या बळावर बाहेर पडले. नववे अंडे मात्र फुटलेच नाही. पोटात शिरलेल्या बलकाच्या जोरावर पिल्ले पहिले दोन दिवस दाण्याविना राहू शकतात, म्हणून मी कणी घेऊन धावू लागलो तेव्हाही तुम्ही मला थांबवलेत.

सातव्या दिवशी राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस, म्हणजे डोळ्यात लासोटाचा एकेक थेंब, देण्यासाठी तुम्ही माझ्याबरोबर आलात आणि बर्फाच्या थर्मासमधली कुपी सावलीतच उघडायला लावलीत. वाळवीचे ढेकूळ फोडून पिल्लांपुढे टाकायलाही तुम्हीच शिकवलेत. एक पिल्लू मुंगसाने नेले, त्या दिवशी मला वाटले त्याहून जास्त वाईट तुम्हाला वाटले होते. उरलेली सात काळी पिल्ले त्या तांबड्या आईच्या मागे अंगणभर फिरत असत, आणि घार दिसली की तिच्या एका हाकेसरशी पंखांखाली नाहीशी होत.

काल तुमच्या सुनेने सांगितले की तांबडी पुन्हा खुडूक झाली आहे. तलंगांची पहिली अंडी लहान असतात, ती बसवायची नाहीत, हे माझ्या लक्षात आहे. म्हणून जुन्या माद्यांची अकरा अंडी पेन्सिलीने तारीख घालून, टोक खाली करून तुसात ठेवली आहेत. शिगम्याच्या गडबडीतून तुम्ही मोकळ्या झालात की एखाद्या रात्री काळोख पडल्यावर ती घेऊन येतो. या वेळची सगळी पिल्ले तुमच्या अंगणात राहतील, तेवढे मात्र तुम्ही नाकारू नये, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
कुंपणापलीकडचा शेजारी